निर्लेखनाच्या यादीतील संगणक हे विज्ञानाच्या कामी यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तेव्हापासून शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि लहानमोठी कार्यालये यांच्या कोपऱ्यांत चालू स्थितीतले संगणक पडून राहू लागले आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो; त्यामुळे २०१३ ते २०१७ या काळात घेतलेली बहुतेक यंत्रे, त्यांत काहीही बिघाड नसताना, केवळ या अटीपायी बाद ठरतात. सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे तेथील संगणक कक्षही माझ्याकडे आहे. या यंत्रांविषयी एक विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत मांडण्याची इच्छा आहे. ती भंगारात काढण्यापूर्वी त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली बसवून पाहावी, गरजू विद्यार्थ्यांना देऊन जी उरतील त्यांतली काही स्वयंसेवी वितरित संगणनासाठी, म्हणजे शास्त्रज्ञांची प्रचंड आकडेमोड असंख्य लोकांच्या संगणकांवर वाटून करण्याच्या कामासाठी, राखून ठेवावीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या अकरा संगणकांचे निर्लेखन झाले, म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकले गेले. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे लाल शाईने ‘निरुपयोगी’ असा शेरा पडला आणि किलोच्या भावाने ती टेम्पोत भरली गेली. त्यांच्या हार्ड डिस्क पुसलेल्या नव्हत्या. त्यांतली तीन यंत्रे उत्तम चालू होती हे मला पक्के ठाऊक होते, कारण आदल्याच आठवड्यात बारावीच्या मुलांनी त्यांच्यावर प्रात्यक्षिके केली होती. ई-कचरा नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडेच जावा यासाठी २०२२ चे नियम आहेत. पण मुळात जो कचराच नाही त्याला कचरा ठरवू नये, हे त्या वेळी मी ठामपणे बोललो नाही, याची खंत मला आजही वाटते.

या खेपेस यादी तयार होण्यापूर्वीच मी सात क्रमांकाचा संगणक टेबलावर घेतला. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, चार जीबी रॅम. बाजूचा पत्रा काढला तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा जाड थर जमलेला होता, आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी भुरभुरीत झाली होती. रंगकामाच्या ब्रशने धूळ काढली, नवी पेस्ट लावली, बंद पडलेल्या दुसऱ्या यंत्रातली चार जीबी रॅम यात बसवली आणि मदरबोर्डवरचा सेल बदलला. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती सुरू केली. हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते, ही लिनक्सची मोठी सोय आहे. छपाई, आवाज, इंटरनेट सारे चालते आहे अशी खात्री पटल्यावरच ती कायमची बसवावी. आमचे हे काम अर्ध्या तासात झाले. पूर्ण भारावर ज्या प्रोसेसरचे तापमान सफाईपूर्वी नव्वद अंशांच्या वर जात होते, ते आता सत्तरच्या आत राहते.

स्वयंसेवी संगणनाची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी मे १९९९ मध्ये ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला. अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे तुकडे करून ते घरोघरीच्या संगणकांकडे पाठवायचे आणि परग्रहावरील बुद्धिमान जीवसृष्टीची काही खूण त्यांत सापडते का ते तपासायचे, असे त्याचे स्वरूप होते. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. मार्च २०२० च्या अखेरीस त्याने नवे काम वाटणे थांबवले. पण त्यातूनच गणिताचे तुकडे संगणकांवर वाटून करून घेणारे ‘बॉइंक’ हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले आणि आज अनेक प्रकल्प त्यावर चालतात. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, त्यात इतके लोक सामील झाले की त्याची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांच्या पलीकडे गेली. जगातील महासंगणकांच्या अधिकृत यादीत हा टप्पा मे २०२२ मध्ये, अमेरिकेच्या ‘फ्रंटियर’ने गाठला. टाळेबंदीत घरी बसलेल्या सामान्य माणसांचे संगणक त्याआधी दोन वर्षे तेथे पोहोचले होते, ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले पुस्तके मिटून ऐकतात.

आमच्या सात क्रमांकासाठी मी ‘आइनस्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प निवडला, आणि त्यामागे महाराष्ट्राशी जोडलेले एक कारण आहे. जर्मनीतील मॅक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्था आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प, अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या नोंदींतून वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधतो. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळात उठणारे सूक्ष्म तरंग, आणि न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने प्रथम टिपलेली लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती आणि ती क्षणार्धात सरली. न्यूट्रॉन ताऱ्याची लहर अखंड चालू असते, पण ती इतकी क्षीण असते की महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय ती गोंगाटातून वर येणे शक्य नाही. त्यातच पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असल्याने, धावत्या रेल्वेगाडीच्या शिट्टीचा सूर जसा बदलतो, तशी या लहरीची वारंवारता सतत बदलत राहते, आणि तारा आकाशात कोणत्या दिशेला आहे त्यावर हा बदल ठरतो. तारा कुठे आहे, किती वेगाने फिरतो आणि त्याचा वेग किती मंदावतो आहे, यांतले काहीच आधी माहीत नसते. म्हणून आकाशाचा प्रत्येक बिंदू, प्रत्येक वारंवारता आणि मंदावण्याचा प्रत्येक दर यांची जोडी लावून स्वतंत्र गणित करावे लागते. हे काम एका महासंगणकाच्याही आवाक्याबाहेरचे आहे, मात्र त्याचे लक्षावधी सुटे तुकडे पाडता येतात, आणि असा एक तुकडा आमच्या जुन्या आय-५ ला काही तासांत झेपतो. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना पाठवून त्यांची उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरतात, त्यामुळे एखाद्या यंत्राच्या चुकीने संशोधन बिघडत नाही.

अशी अखंड लहर अद्याप हाती लागलेली नाही. याच प्रकल्पाने रेडिओ व गॅमा किरणांच्या नोंदींतून मात्र अनेक स्पंदक तारे, म्हणजे ठरावीक अंतराने किरणांचे ठोके पाठवणारे न्यूट्रॉन तारे, शोधले आहेत. त्यांतला पहिला ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला. सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असलेला आणि सेकंदाला जवळजवळ ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा तो तारा अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या घरगुती संगणकाला आणि जर्मनीतील माइंट्स विद्यापीठाच्या संगीत-संगणनासाठी असलेल्या एका संगणकाला अरेसिबोच्या २००७ मधील नोंदींत सापडला होता.

आता महाराष्ट्राशी असलेला संबंध सांगतो. लायगोच्या मालिकेतील भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणार आहे. तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणाच्या पद्धती घडवण्यात अनेक दशके महत्त्वाचा वाटा उचलला आहे. औंढ्याचे नागनाथ मंदिर आमच्या मुलांना ठाऊक असते. त्याच परिसरात विश्वाच्या दूरच्या हालचाली टिपल्या जाणार आहेत आणि अशा नोंदींवर काम कसे चालते हे आपल्या कक्षातल्या सात क्रमांकावर आजच पाहता येते, हे त्यांना कळावे अशी माझी तळमळ आहे.

बॉइंक विंडोजवरही चालते, मग लिनक्सचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. सुरक्षा अपडेट न मिळणारी प्रणाली दिवसभर इंटरनेटला जोडून ठेवणे हा सगळ्या कक्षालाच धोका आहे, हे पहिले कारण. दुसरे असे की लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि ती थोड्या रॅमवर भागवते, त्यामुळे जुन्या यंत्राची ताकद गणितासाठी मोकळी राहते. बॉइंक तेथे स्वतंत्र, मर्यादित अधिकारांच्या खात्याखाली चालते. संगणक सुरू होताच, कोणी लॉगिन केलेले नसले तरी, ते कामाला लागते आणि अपडेटच्या नावाखाली यंत्र मध्येच आपोआप बंद-चालू होत नाही. शिवाय या गणिताला सर्वांत खालचा प्राधान्यक्रम असतो. एखादी मुलगी त्याच संगणकावर इनस्क्रिप्ट या कळफलकाने मराठी निबंध टाइप करीत असेल, तर गणित आपोआप मागे सरते आणि तिला काही जाणवतही नाही. वीज गेली तरी काम फुकट जात नाही, कारण काही मिनिटांच्या अंतराने ते जतन होत राहते आणि तेथूनच पुढे सुरू होते. आमच्याकडच्या विजेचा लहरीपणा पाहता हे मला फार मोलाचे वाटते.

विजेच्या खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. प्लगला मीटर लावून मी सात क्रमांक मोजला: नुसता चालू असताना ३५ वॅट, प्रोसेसरच्या चारांपैकी दोन कोअर (गणित करणारे स्वतंत्र भाग) कामाला लावल्यावर ६० वॅट आणि चारही लावल्यावर ८५ वॅट. चोवीस तास पूर्ण भारावर ठेवला तर महिन्याला सुमारे ६१ युनिट होतात. घरगुती ग्राहकाचा त्यामुळे वरचा स्लॅब लागू शकतो, म्हणून घरी असे कोणी करू नये, असेच मी सांगेन. आम्ही दोनच कोअर, कक्ष उघडा असतो ते सहा तास आणि महिन्याचे २५ दिवस एवढीच मर्यादा घालून घेतली. तेव्हा हिशेब ९ युनिटांवर आला. संगणक मुलांसाठी त्या वेळेत तसाही चालू असतो, त्यामुळे गणितावर होणारा जादा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मार्च ते जून हे काम पूर्ण बंद ठेवावे, कारण आमच्या पत्र्याच्या छपराखाली त्या दिवसांत यंत्रांना आणि माणसांना दोघांनाही उष्मा सोसत नाही. इंटेलच्या कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरची किंवा त्याहून जुनी यंत्रे या कामाला लावू नयेत, असेही माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्याच विजेत नवा प्रोसेसर कितीतरी पट गणित करतो, आणि जुन्या यंत्रावरचा हट्ट ही मग उधळपट्टी होते. चौथ्या ते सातव्या पिढीपर्यंतच्या यंत्रांविषयीच मी हे लिहीत आहे.

संस्थेच्या लेखी परवानगीविना कोणीही असे सॉफ्टवेअर बसवू नये. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका तंत्रशिक्षण महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने परवानगी न घेता कॉलेजच्या संगणकांवर वितरित संगणनाचा कार्यक्रम टाकला, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला गुदरला गेला आणि २००२ मध्ये दंड व परिवीक्षा (तुरुंगाऐवजी ठरावीक काळ देखरेख) यांवर तो मिटला. बॉइंक लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच घ्यावे. केलेल्या गणिताबद्दल प्रकल्पाकडून खात्यावर जे गुण जमा होतात त्यांना पैशांत किंमत नसते. ‘संगणक चालू ठेवा आणि घरबसल्या कमवा’ असे सांगणारा संदेश आला तर तो या प्रकारातला नव्हे, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगावे लागते.

या साऱ्यावर पहिला हक्क विद्यार्थ्यांचा आहे, हे पुन्हा नोंदवतो. ज्याच्या घरी संगणक नाही अशा मुलाला लिनक्स आणि लेखन-तक्त्यांसाठीचे लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर असलेले यंत्र मिळणे मला कोणत्याही ताऱ्याच्या शोधाहून अधिक निकडीचे वाटते. केरळच्या शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिक्षण देऊन दाखवले आहे, आणि सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आवृत्ती फार पूर्वीच उपलब्ध करून दिली आहे; तेव्हा मुलांना हे जमणार नाही या म्हणण्यात तथ्य नाही. माझी मागणी लहान आहे. संस्थांच्या निर्लेखन समित्यांनी आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘लिनक्सवर चालवून पाहिले काय?’ तेथे ‘नाही’ असेल तर ते यंत्र यादीतून परत पाठवावे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना आसपासच्या शाळांत धूळ काढण्याचे, पेस्ट बदलण्याचे आणि प्रणाली बसवण्याचे काम द्यावे. दोन रविवारांत एक कक्ष सहज होतो.

आमच्या २२ संगणकांचा विषय संस्थेच्या पुढच्या बैठकीत यायचा आहे. त्यांतले बारा विद्यार्थ्यांना द्यावेत, पाचांपुढे ‘प्रयोगशाळेत वापरात’ असा शेरा मारावा आणि उरलेल्या पाच नादुरुस्त यंत्रांच्या डिस्क पुसून ती नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावीत, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्याला सात क्रमांकाच्या दोन महिन्यांच्या तापमानाच्या आणि विजेच्या नोंदी जोडल्या आहेत. अकरावीच्या दोन मुलींनी त्या रोज दुपारी वहीत लिहून ठेवल्या होत्या.

आपला विश्वासू,
एक भौतिकशास्त्र शिक्षक,
जि. सातारा