बाळाच्या टाचेतले चार थेंब

बर्मिंगहॅम, 12 जुलै

ती. बाबा व आईस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. इथला पाऊस पेडण्याच्या पावसापुढे नुसता शिंतोडा, तेव्हा माझ्या सर्दीची काळजी नको.

आई, ताईच्या बाळाच्या टाचेतलं रक्त घेऊन जन्मजात आजारांची तपासणी करा म्हटलं, तर फोनवर म्हणालीस, "आपल्या घराण्यात असला आजार कुणाला नाही, कोवळ्या पोराला सुई कशाला?" अगं, यातल्या बऱ्याच आजारांत आई-बाप धडधाकटच असतात. दोघांत एकच बिघडलेलं जनुक दडलेलं असलं, तर दर खेपेला चारात एक बाळ आजारी व्हायची शक्यता. पोटात असेपर्यंत वार सांभाळून घेते. दूध सुरू झालं की मग विष साचतं.

इथली एक गंमत सांगते. सुईण पाचव्या दिवशी घरी येऊन रक्त नेते, पण जन्माचा दिवस शून्य धरतात! सोमवारी जन्म, तर सोमवार शून्य, मंगळवार एक, आणि पाचवा येतो शनिवारी. आपल्या हिशेबाने तो सहावा, म्हणजे ऐन सटीचा. सटवाई लिहायला यायच्या आधी ही बाई चार थेंब घेऊन पसार. मला हे शून्य पचायला महिना लागला.

तुम्ही मात्र एवढं थांबू नका. 48 ते 72 तासांत, घरी सोडण्याआधी घ्या. पहिल्या 24 तासांत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) सगळ्याच बाळांचं चढलेलं असतं, उगाच घाबरगुंडी. आणि दूध पुरतं पोटात गेलेलं नसल्याने खरा आजार निसटतो. रक्त चढवायची वेळ आलीच, तर नमुना आधी.

टाच कोमट ओल्या फडक्याने तीन-चार मिनिटं शेकायची. टोचायचं कडेला, मधोमध नाही, तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसायचा, दुसरा चांगला मोठा होऊ द्यायचा, कागदाला एकाच बाजूने एकदाच टेकवायचा. घाईत टाच पिळली की रक्तात पाणी उतरतं. थेंबावर थेंब दिला की आकडा खोटा चढतो. आम्ही लॅबमध्ये त्यातून तीन मिलिमीटरची चकती कापतो, तिथे लबाडी चालत नाही. कार्ड आडवं, सावलीत, निदान तीन तास वाळवा. ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गेलं की नमुना वाया, त्यात आपला जुलै!

निकाल येईपर्यंत ट्रंकेतली डांबरगोळ्यांच्या वासाची दुपटी काढू नकोस. जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना सांभाळणारं एंझाइम, कमी असलं तर त्या वासानेही तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते.

बाबा, हे विलायती खूळ नव्हे. 2008 साली राज्यभरातल्या नवजात बाळांसाठी ही तपासणी पहिल्यांदा सुरू केली ती गोव्यानेच. आता कोणकोणत्या तपासण्या होतात, ते ताईच्या डॉक्टरांना आजच विचारा. काही वावगं आलं तर लगेच आजार ठरत नाही, दुसरा नमुना द्यायचा. थायरॉइडचं निघालं तर गोळी दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, तिथे बुद्धीचा प्रश्न असतो.

मी 15,000 रुपये पाठवले आहेत, ते ह्या तपासणीचेच; बारशात घालू नका. बारशाला जमणार नाही. चवथीचं बघते. आत्याच्या मुलाबद्दल विचारलंत: मुलगा चांगलाच आहे, पण नात्यात ते दडलेलं जनुक दोघांत असण्याची शक्यता वाढते. आत्याला हे कारण नका सांगू, तिला लागेल. रजा नाही म्हणा, तेही खोटं नाही.

ताईला सांगा, टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेव, रडं कमी होतं. उरलेलं मला फोनवर ऐकवा.

तुमची,
सुमा