माकिवारावर सराव करणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

साताऱ्याच्या पावसाने मागच्या अंगणातला माकिवारा (कराटेत ठोसे मारायचा, दोर गुंडाळलेला खांब) मुळाशी हलायला लागला होता. खड्डा पुन्हा भरून, धुमसून घेतलाय आणि दोरही नवा गुंडाळलाय. सोमवारपासून वापरायला हरकत नाही, पण आधी हाताने ढकलून बघा. खांब थोडा मागे लवून परत आला पाहिजे. वरच्या बाजूला तो निमुळता ठेवतात तो त्यासाठीच. ज्यांना "भिंतीवर मारलं तरी चालतं" असं वाटतं, त्यांनी कृपया आपल्या हाडांचाही विचार करावा.

मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवरच बसू द्या. करंगळीच्या बाजूला बसला की तिथलं तळहाताचं हाड मोडू शकतं. मनगट खाली-वर वळू देऊ नका. पंजाची पाठ आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत हवा. नवीन मंडळींनी हळू सुरुवात करावी, जोर महिन्यांनी येतो. रोज जोरात मारायची गरज नाही.

कातडी सोलली की त्या दिवशी थांबायचं. दोर सगळ्यांचा आहे, रक्त लागलं तर सरांना सांगा, तो भाग बदलून घेऊ. गाठ सुजली किंवा मूठ आवळताना कळ आली तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

16 वर्षांखालील मुलांची हाडं अजून वाढत असतात, त्यांनी फक्त हातातल्या पॅडवर मारायचं. पालकांनी आग्रह करू नये.

अंगठ्या काढून या.