बाबा, बुधवारी दोन डॉक्टर आहेत

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा गप्प झाले आणि आईनं पऱ्हाटीचा विषय काढला, म्हणून लिहिते आहे. बुधवारी नागपूरला रक्ताच्या डॉक्टरांसोबत पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरबाईंचीही वेळ मी घेऊन टाकली आहे. विचारलं असतं तर ‘पाहू पुढच्या खेपेला’ म्हणाले असते तुम्ही.

पॅलिएटिव्हकडे शेवटचे पेशंट जातात, असं शेजारच्या काकांनी सांगितलं ना? आपल्याकडे लोक तिथं पोचतातच उशिरा, म्हणून त्यांना तसं दिसलं. तुमचं मायलोमाचं, या रक्ताच्या कॅन्सरचं, पोटावरचं इंजेक्शन, गोळ्या, सगळं चालूच राहणार. सोबत दुखणं, झोप, भूक, मनाची धास्ती पाहणारी माणसं वाढतील, एवढंच. अमेरिकेत ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या १६० पेशंटचा अभ्यास २०२१ साली छापून आला. केमोसोबतच ही मदत मिळालेल्यांची धास्ती कमी झाली, मन कमी खचलं. आजार तुमच्याहून वेगळा आहे, मान्य. पण दुखणं सोसल्यानं कॅन्सर हटतो, असं कोणत्याच डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

दुखण्यावर मॉर्फिन दिलं तर दचकू नका. डॉक्टरांच्या मापानं घ्यायचं. त्यानं शौचाला घट्ट होते, म्हणून पोट साफ व्हायचं औषधही देतात.

नागपुरात राहायला खोली तळमजल्यावर घेतली आहे, कमोड आहे, कूलर आहे. गॅस आहे, लोखंडी तवाही आणला. आई, भाकर तुझ्याच हातची होईल. बाबा, लहानपणी मला सुई टोचताना डोळे तुम्हीच मिटायचे. आता तुमच्या वेळी मी मिटणार नाही, बघा.

आता ऐका. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची दुखण्यावरची गोळी आजपासून बंद. मायलोमात ती किडनीला मारते. फवारणीचा पंप पाठीला लावायचा नाही, पोतं उचलायचं नाही, हाडं ठिसूळ झालीत. ताप १०० च्या वर गेला तर मध्यरात्रीही फोन करा. पायाला मुंग्या आल्या तर ‘होते असं’ म्हणून दडवू नका, इंजेक्शननं तसं होऊ शकतं. आणि आई, बाबांच्या नादात तुझी बीपीची गोळी चुकवशील तर याद राख.

शेत यंदा बटईनं द्यायचं दादाशी बोलून ठरवलं आहे. रागवा, पण बुधवार झाल्यावर. हाडांच्या इंजेक्शनाआधी दातही दाखवावे लागतात, तेव्हा ती हलणारी दाढ लपवू नका. रेशन कार्ड, आधार आणि बोन मॅरोचा रिपोर्ट निळ्या पिशवीत ठेवा. दादा पहाटे गाडी घेऊन येईल.

तुमची,
बेबी