सोळा नियमांचं मराठी करताना

प्रिय सुहास,

एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या पहिल्या पुस्तकातलं व्याकरण मराठीत आणायचं मनावर घेतलंस, छान झालं. पण ‘सोळाच तर नियम, रविवारी दुपारी उरकेल’ हे वाचून हसू आलं. सोळा नियम पुरतात ते जर्मन, रशियन किंवा लॅटिन व्याकरण अंगवळणी पडलेल्याला. ही भाषा घडवणाऱ्या झामेनहोफने जे गृहीत धरलं ते तुला उलगडून सांगावं लागेल, आणि त्याने बजावलेलं काही आपल्याकडे मुळात बजावायची गरज नाही.

आधी प्रत तपास. पुस्तक निघालं वॉर्सात, २६ जुलै १८८७ ला, रशियन भाषेत, चाळीस पानांचं. त्यावर झामेनहोफचं टोपणनाव ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे आशा धरून बसलेला डॉक्टर. इंग्रजीतून काम करणार असशील तर रिचर्ड गेओगनचा १८८९ चा अनुवाद घे. त्याआधीचं इंग्रजी इतकं वाईट होतं की ते मागे घ्यावं लागलं. आणखी एक खाच आहे. १८८७ च्या पुस्तकात ‘तेव्हा’ला ‘तिआन’ आणि ‘केव्हा’ला ‘किआन’ आहे. पण ‘तिआ’ म्हणजे ‘तसा’, आणि त्याचं कर्मरूपही ‘तिआन’च. दोन्ही एकमेकांत मिसळायला लागले म्हणून १८८८ मध्ये त्याने स्वतःच ‘तिआम’, ‘किआम’ करून टाकलं. मूळ ठेवलंस तर तळटीप दे, नाहीतर आजचा वाचक तुझीच चूक समजेल.

उच्चारात आपण सुदैवी. टोपी नसलेला c म्हणजे ‘चमचा’तला च, डोक्यावर टोपीचं चिन्ह असलेला ĉ म्हणजे ‘चहा’तला. पण देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे पहिल्यासाठी सगळीकडे ‘त्स’च लिही. आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या स्वरावर: ‘फामिलीओ’त तो ‘ली’वर येतो. आपली जीभ ते ‘फॅमिल्यो’ करते आणि एक अक्षर गिळते.

आता दुसरा नियम. खरी गंमत इथे आहे आणि घोटाळाही. नामाला ‘ओ’, अनेकवचनाला ‘य’, कर्माला ‘न’. मराठीत ‘मी पुस्तक वाचतो’ म्हणताना पुस्तकाला काहीच लागत नाही, ‘ला’ लागतो तो बहुधा सजीवाला. म्हणून मराठी माणूस हमखास ‘मी लेगास लिब्रो’ म्हणतो. हवं ‘मी लेगास लिब्रोन’. (‘मी’ म्हणजे मीच, ही फुकटची भेट.) विशेषणालाही तेच चिकटतं: ‘बोनायन लिब्रोयन’, चांगली पुस्तकं, कर्म म्हणून. लिंगाप्रमाणे मात्र ते बदलत नाही. चांगला, चांगली, चांगलं यातून सुटका.

आठवा आणि तेरावा नियम शेजारी ठेवून समजाव. आठवा म्हणतो, शब्दयोगीसोबत नाम प्रथमेतच राहतं. मराठीत सांगायचं तर सामान्यरूप होत नाही: ‘टेबल’चं ‘टेबलावर’ होताना जो ‘ला’ येतो तसलं काही नाही, ‘सुर ला टाब्लो’ एवढंच. मग तेरावा येऊन म्हणतो की जाण्याची दिशा दाखवायची असेल तर ‘न’ लाव. हा विरोध वाटतो, पण तसा नाही. ‘तो घरात आहे’ आणि ‘तो घरात जातो’ यांत आपण दोन्हीकडे ‘घरात’च म्हणतो, तिथे पहिलं ‘एन ला दोमो’, दुसरं ‘एन ला दोमोन’. ‘न’ शब्दयोगीमुळे येत नाही, हालचालीमुळे येतो. हे एक उदाहरण पाच ओळींच्या स्पष्टीकरणाला भारी पडेल.

क्रियापदावर फार शाई घालवू नकोस: लेगास, लेगीस, लेगोस, वाचतो, वाचला, वाचील. पुरुष, वचन, लिंग काही नाही. ‘रामाने पोळी खाल्ली’तलं क्रियापद पोळीमागे जातं, तसंही नाही. ‘सिआ’ तर आपला ‘आपला’च. ‘तो आपल्या भावाला भेटला’ आणि ‘तो त्याच्या भावाला भेटला’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, इंग्रजी बोलणारा मात्र इथेच अडखळतो.

मोठी खोच अशी की नवे शब्द घडवणारे ‘माल’ (उलट अर्थ), ‘इन’ (स्त्री), ‘एय’ (जागा) असे उपसर्ग-प्रत्यय सोळा नियमांत सापडणार नाहीत. झामेनहोफने ते व्याकरणात न घालता शब्दसूचीत, साध्या शब्दांसारखे ठेवले. सूची सुमारे नऊशे मुळांची, एकाच कागदावर मावेल अशी. ‘साना’ निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानुलो’ आजारी माणूस, ‘मालसानुलेयो’ दवाखाना. सूची गाळलीस तर वाचकाच्या हाती नियम राहतील, भाषा राहणार नाही. मूळ छपाईत शब्दांचे तुकडे चिन्हांनी तोडून दाखवलेत, तेही तसंच ठेव.

पुस्तकातली शेवटची, वाचकाने कापून द्यायची वचनपत्रंही गाळू नकोस. त्यावर मजकूर आहे की, एक कोटी लोक असंच वचन देतील तर मी ही भाषा शिकेन. १८८९ मध्ये भाषा शिकलेल्यांच्या पत्त्यांची पहिली यादी छापली तेव्हा तीत एक हजार नावं होती.

पहिला कच्चा मसुदा झाला की आठवा-तेरावा आधी पाठव.

तुझा,
विनय