आशा टिकवायची तर उद्दिष्ट आपल्या हातातले हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याच्या सदाशिव पेठेत गेली अठरा वर्षे मी एक लहानशी अभ्यासिका चालवतो. बावन्न टेबले, खाली चहाची टपरी आणि रात्री अकरापर्यंत राखावी लागणारी शांतता, एवढाच आमचा पसारा. येथे बसणारी मुले-मुली बहुतांशी मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सांगली या भागांतून आलेली असतात. कोणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो, कोणी गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षेची. निकाल लागले की वृत्तपत्रांतून यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती येतात आणि त्यांत ‘मोठे ध्येय ठेवा’ हा सल्ला हमखास असतो. या सल्ल्याविषयी, टेबलांमधून फिरताना मला जे दिसले त्याच्या आधारे, थोडे लिहावेसे वाटते.

प्रत्येक टेबलासमोरच्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. नव्याने आलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर बहुधा पदाचे नाव असते, ‘उपजिल्हाधिकारी’ किंवा ‘डीवायएसपी’, तेही लाल शाईने आणि खाली दोन रेघा ओढून. पहिले सहा-आठ महिने ही चिठ्ठी बळ देते. पूर्वपरीक्षेत दोन-तीन गुणांनी नाव हुकले की मात्र तीच चिठ्ठी रोज सकाळी डिवचू लागते. मग ती उलटी करून लावली जाते, नाहीतर वहीखाली सरकवली जाते, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो मुलगाही यायचा थांबतो. काहींच्या चिठ्ठ्या मात्र अगदी वाण्याच्या यादीसारख्या असतात: ‘पंचायत राज संपवणे, मागच्या वर्षीचे पन्नास प्रश्न, संध्याकाळी पळणे.’ अशा मुलांत महत्त्वाकांक्षा कमी असावी, असा माझा बरीच वर्षे समज होता. पण निकालात नाव नसतानाही चौथ्या दिवशी पुन्हा येऊन बसणारी मुले मोजू लागलो, तेव्हा ती बहुतेक याच चिठ्ठ्यांची निघाली.

याचे कारण मला असे वाटते की, पद हे उद्दिष्ट नसून फळ आहे. जागा किती निघणार, कट-ऑफ कोठे लागणार, एखादी याचिका न्यायालयात किती काळ अडकणार, यांपैकी काहीही त्या टेबलावर ठरत नाही. जे आपल्या हातात नाही त्यावर सगळी आशा टांगली की वाट पाहणे एवढेच काम उरते, आणि वाट पाहण्याला आपण उगाचच आशा म्हणतो.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. त्यांच्या मते आशा ही नुसती भावना नसून विचार करण्याची एक पद्धत आहे. तिच्यात स्पष्ट उद्दिष्ट लागते, तेथवर जाण्याच्या वाटा सुचाव्या लागतात आणि त्या वाटांवरून आपण चालू शकू असा भरवसा लागतो. आशा मोजण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये बारा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांपैकी चार विधाने वाटा शोधण्याविषयी आहेत, चार जिद्दीविषयी, आणि उरलेली चार केवळ भरीची आहेत. ‘सगळे चांगलेच होईल’ असे वाटणाऱ्याला या मोजणीत आपोआप गुण मिळत नाहीत, आणि हे मला फार पटते. आपल्याकडे आशावादी माणूस म्हटले की हसतमुख, बेफिकीर माणूस डोळ्यांपुढे येतो. या हिशेबाने तो एखाद्या वेळी अगदीच निराश निघेल, कारण अडचण आली तर दुसरी वाट कोणती, याचे उत्तर त्याच्याजवळ नसते.

या वाटांचे महत्त्व गेल्या काही वर्षांत आमच्या पेठेने चांगलेच अनुभवले आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरे लिहिण्याची, करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. पुढे २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा, त्याच दिवशी बँकेची परीक्षा आल्याने, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर लांबणीवर पडली. त्या दिवसांत ज्यांच्या चिठ्ठीवर केवळ परीक्षेची तारीख होती, ते टपरीवर बसून मोबाइलवरच्या अफवा चाळत राहिले. पाच जणांच्या एका गटाने मात्र रोज प्रत्येकी एक उत्तर लिहायचे आणि रात्री एकमेकांचे तपासायचे, असे ठरवले. त्यांची परिस्थिती इतरांपेक्षा तसूभरही वेगळी नव्हती, पण संध्याकाळी घरून फोन आला की ‘आज काय केलेस?’ या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर असे. (पालकांनाही या निमित्ताने सुचवावेसे वाटते की, ‘या वर्षी होईल ना?’ हा प्रश्न विचारून मुलांकडून जे वदवून घेतले जाते, ते आश्वासन असते. त्यात आशा नसते.)

हाती घेतलेले उद्दिष्ट सोडणे म्हणजे आशा सोडणे, हाही एक गैरसमज आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, आणि मुष्टियुद्धातले पदक हे उद्दिष्ट तेथेच संपले. ते पुन्हा मिळवता येईल अशी समजूत त्यांना कोणी घातली असती, तर ती क्रूर थट्टाच ठरली असती. ते दुसऱ्या खेळांकडे वळले. १९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. आपली आशा त्यांनी सन्मानावर टांगली असती, तर शेहेचाळीस वर्षे काय केले असते, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी वयोमर्यादा असल्याने आमच्याकडे ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणत विशीची सगळी वर्षे निघून जातात. म्हणून उद्दिष्ट लिहिताना ते कधी थांबवायचे हेही शेजारी लिहावे, असे मी नव्या मुलांना सांगतो. बहुतेकांना ते अपशकुनी वाटते. एका मुलीने मात्र ‘चार वेळा’ असे लिहिले होते आणि ती खरोखरच चौथ्या निकालानंतर थांबली. जाताना तिने ती चिठ्ठी फाडली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गावाकडे रोपवाटिका काढण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी करून ती घेऊन गेली. तिची रोपवाटिका कशी चालली आहे हे मला ठाऊक नाही, आणि ती यशोगाथा आहे असे भासवण्याचीही माझी इच्छा नाही.

यातून एक गैरसमज मात्र होऊ नये. जाहिराती वेळेवर न निघणे, निकाल रखडणे आणि निवड होऊनही नियुक्तीसाठी ताटकळत राहावे लागणे, या शासनाच्या जबाबदारीतल्या गोष्टी आहेत. मुलांनी लहान उद्दिष्टे ठेवली म्हणून ती जबाबदारी सैल होत नाही. भरती वेळेवर करा अशी मागणी करणाऱ्या मुलाला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणे हा मला शुद्ध अपमान वाटतो.

आपल्याला विनंती एवढीच की, यशस्वी उमेदवाराची मुलाखत छापताना त्याच्या आधीच्या अपयशानंतरच्या आठवड्यात त्याने नेमके काय केले, हेही विचारावे. त्यासोबत, ज्यांनी ठरवून ही वाट सोडली आणि दुसरी धरली, अशा एखाद्या मुलाची किंवा मुलीची मुलाखतही छापावी. आमच्या जिन्यातल्या फलकावर आज केवळ गुणवत्ता याद्यांची कात्रणे आहेत. त्यांच्या शेजारी या मुलाखतींसाठी मी जागा रिकामी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक अभ्यासिका चालक, सदाशिव पेठ, पुणे