मैत्रीची सुरुवात शत्रूपासून नको

महोदय,

सध्या आरोग्य पुरवण्यांत आणि मोबाइलवर ध्यानाचा सुकाळ आहे. कुणी पाच मिनिटांत ताण घालवतो, कुणी एकवीस दिवसांत स्वभाव बदलून देतो. पाली भाषेत ज्याला मेत्ता म्हणतात त्या मैत्रीध्यानाचाही, म्हणजे मनोमन सर्वांचे भले चिंतण्याच्या ध्यानाचाही, त्यात हमखास उल्लेख असतो, पण शेपटाला लावल्यासारखा: ‘आता ज्यांनी तुम्हाला दुखावले त्यांना मनोमन क्षमा करा.’ हे वाचून डोळे मिटणारा माणूस दोन मिनिटांत अधिकच चिडून उठतो आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे ठरवून टाकतो. चूक त्याची नसते. जिना वरच्या पायरीपासून चढायला सांगितले, तर कोणीही पडेल.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा बौद्ध साधनेवरचा ग्रंथ रचला. त्यात हा क्रम नीट दिलेला आहे. आधी स्वतः, मग ज्याच्याविषयी आदर आहे अशी व्यक्ती, मग जिवलग, मग ना आवडती ना नावडती आणि सर्वांत शेवटी वैरी. सुरुवातीला कोणाला घेऊ नये, हेही तिथे आहे आणि त्याची कारणे मोठी मार्मिक आहेत. फार लाडके माणूस नको, कारण त्याला जराही काही झाल्याचे मनात आले तरी रडू येईल. दिवंगत व्यक्ती तर कधीच नको. आपल्याकडे बरेच जण नेमके गेलेल्या आईला किंवा वडिलांना डोळ्यांपुढे आणतात. मग आठवणी सुरू होतात, डोळे भरतात आणि ध्यान बाजूला राहते. आठवण काढण्यात गैर काही नाही, पण ते काम वेगळे.

त्याआधी श्वास. जे मन दहा श्वास एका जागी थांबत नाही, ते मैत्रीचे एक वाक्यही धरून ठेवू शकत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर गोएंका गुरुजींच्या परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे पहिले तीन दिवस फक्त आनापान म्हणजे श्वासाचे निरीक्षण असते आणि मैत्री शिकवतात ती थेट दहाव्या दिवशी. घरी वीस मिनिटे बसणाऱ्याने हेच प्रमाण लहान करून घ्यावे: बारा मिनिटे श्वास, आठ मिनिटे मैत्री. पहिले दोन आठवडे तर सगळी वीस मिनिटे श्वासालाच द्यावीत.

बैठकीसाठी सोलापुरी चादरीची घडी पुरते. ती तीन-चार इंच उंच करून फक्त बुडाखाली घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्यावी, तळपाय जमिनीला टेकलेले असावेत. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. लक्ष ठेवायचे ते नाकपुड्यांच्या कडांवर आणि त्याखाली मिशीच्या जागेवर. आत येणारा श्वास किंचित गार, बाहेर जाणारा किंचित कोमट, एवढेच कळले तरी पुरे. बुद्धघोष श्वास मोजायला सांगतात: पाचापेक्षा कमी नाही, दहापेक्षा जास्त नाही. गोएंका गुरुजींच्या शिबिरांत मोजणे आणि नामजप दोन्ही वर्ज्य. दोन्हींपैकी एक रीत धरावी, रोज बदलू नये.

इथे सर्वाधिक बिघडते ते श्वास ‘नीट’ घेण्याच्या हौसेने. लांब, खोल श्वास ओढू लागलात की तो प्राणायाम झाला. थोड्या वेळाने छाती भरून येते किंवा गरगरते. श्वास जसा आहे तसाच बघायचा असतो, आखूड तर आखूड. भुवयांच्या मध्ये डोके दुखू लागले, तर समजावे की मिटलेले डोळे नाकाच्या शेंड्याकडे वळले आहेत. जबडा सैल सोडला की डोळेही सैलावतात. झोप आली तर तीन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यावेत, तरीही डुलकी लागली तर उभे राहावे. मन भटकणारच. ते भटकल्याचे कळले त्या क्षणीच सराव झाला. मनाला दटावत बसणे ही दुसरी भटकंती.

आता मैत्री. वाक्ये स्वतःच्या भाषेतली असावीत. पाली येत असेल तर उत्तमच, पण न कळणाऱ्या शब्दांची फक्त लय लागते. ‘मला शांती लाभो. मी निरोगी राहो. माझ्या मनातला द्वेष मावळो.’ एवढी तीन वाक्ये बास. प्रत्येक वाक्यानंतर दोन श्वास थांबावे. काहीच वाटले नाही तरी चालते. कोरडेपणा हा इथला सर्वांत सामान्य अनुभव आहे आणि तो अपयशाची खूण नाही. उमाळा येण्याची वाट बघणारे लोक आठवड्याभरात कंटाळतात. काहींना स्वतःसाठी असे म्हणायला संकोच वाटतो, विशेषतः ज्यांना आयुष्यभर ‘आधी दुसऱ्याचा विचार कर’ असे ऐकवले गेले आहे त्यांना. त्यांनी एखाद्या शिक्षकापासून किंवा उपकारकर्त्यापासून सुरुवात करावी आणि चार दिवसांनी स्वतःकडे यावे.

खरी मेख ना आवडत्या ना नावडत्या माणसाच्या पायरीत आहे. सोसायटीच्या गेटवरचा रखवालदार, दुधाची पिशवी दाराला लावून जाणारा मुलगा, रोज त्याच लोकलमध्ये समोर बसणारी बाई. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलात की लक्षात येते, चेहरा नीट आठवतच नाही. महिनाभर एकच माणूस ठेवावा. आठ-दहा दिवसांत त्याने चष्मा बदललाय, तो आज लंगडतोय, हे दिसू लागते. ध्यानाचा पहिला रोकडा लाभ बहुतेकदा हाच असतो आणि तो पुरवणीतल्या यादीत कुठेही नसतो.

वैऱ्याकडे दोन-तीन महिन्यांनी वळावे, तेही मोठ्या वैऱ्याकडे नाही. पार्किंगवरून भांडणारा शेजारी चालेल, भावकीतला जमिनीचा दावा नको. राग उसळला तर मागे फिरून आदरणीय व्यक्तीवर यावे, मन निवले की पुन्हा जावे. बुद्धघोषांनी राग शमवण्याचे एकामागून एक उपाय दिले आहेत आणि काहीच चालेना तर शेवटचा उपाय सांगितला आहे तो असा: त्या माणसाला एखादी वस्तू द्या. विचाराने न सुटलेली गाठ कधी कधी तिळगुळाने सुटते, हे आपल्याला संक्रांतीमुळे माहीत आहेच. पसायदानातही खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांची ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा सांडो, एवढेच मागणे आहे.

पण मैत्री म्हणजे सोसणे नव्हे. त्याच ग्रंथातला एक दाखला बघावा. साधक, त्याचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन एकाचा बळी मागतात. ‘या इतरांपैकी अमक्याला न्या’ असे साधकाच्या मनात आले तर मैत्री अपुरी, हे कोणालाही पटेल. पण ‘मला न्या, यांना सोडा’ असे आले तरी ती अपुरीच, कारण चौघांत त्याने भेद केला आणि स्वतःला वगळले. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘त्याच्यासाठी मैत्री कर’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा दाखला भिंतीवर लावावा. पोलिसांत तक्रार करणे आणि मनात द्वेष न पोसणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच दिवशी करता येतात.

लाभांविषयी. ‘अंगुत्तर निकाय’ या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यांतले पहिले तीन झोपेचे: सुखाने झोपतो, सुखाने उठतो, वाईट स्वप्ने पडत नाहीत. आधुनिक संशोधनाचा सूर अधिक सावध आहे. अमेरिकेत 2014 साली ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) वर्गांनी चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताची सुधारणा आढळली. मात्र व्यायाम किंवा औषधे यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि झोपेबाबतचा पुरावा तोकडाच होता. मैत्रीध्यानाच्या 2008 मधील एका अमेरिकी प्रयोगात काही आठवड्यांच्या सरावाने नोकरदारांच्या रोजच्या सुखद भावना हळूहळू वाढलेल्या दिसल्या. चमत्कार यात कुठेच नाही.

रोजच्या आयुष्यात फरक दिसतो तो असा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टोमणा मारतो. कान तापतात, श्वास आखूड होतो, अंगठा उत्तर टाइप करू लागतो. सराव नसलेल्याला हे सगळे संदेश पाठवून झाल्यावर कळते. सराव असलेल्याला कान तापतानाच कळते. राग तेवढाच येतो, पण मध्ये तीन-चार श्वासांची जागा मिळते आणि पुष्कळ भांडणे तेवढ्यात टळतात.

एक इशारा द्यायलाच हवा. तीव्र नैराश्य असेल, भास होत असतील किंवा नुकताच मोठा आघात झाला असेल, तर एकट्याने तासन्‌तास डोळे मिटून बसू नये. कधी कधी त्याने त्रास वाढतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे आणि चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत.

आपणास विनंती एवढीच, की ध्यानावरील मजकूर छापताना किती मिनिटे, कोणत्या क्रमाने आणि कोणी करू नये, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. जागा कमी पडत असेल तर मावळत्या सूर्यापुढे पद्मासनात बसलेल्या तरुणीचे छायाचित्र थोडे लहान करावे.

– एक ध्यान-मार्गदर्शक, नाशिक