गाठ हाताला लागली, पुढे काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हावी, असं केंद्राचा २०१६ चा आराखडा सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या जेमतेम ०.९ टक्के बायकांनी ती कधीतरी झाल्याचं सांगितलं.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणाऱ्या, यंत्रावाचून काम अडत नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मनुष्यबळ अपुरं असेल तिथे आधी पन्नाशीपुढच्या बायका घ्या आणि त्यांना दर दोन वर्षांनी बोलवा.

पण हात शिकलेला हवा. आधी बसवून, हात कमरेवर आणि मग डोक्यावर घ्यायला लावून कातडी कुठे ओढली जाते का ते पाहायचं. मग आडवं झोपवून, खांद्याखाली कापडाची घडी ठेवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी हलका, मध्यम आणि खोल दाब देत गळपट्टीच्या हाडापासून खालपर्यंत उभ्या पट्ट्यांत चाचपायचं. काख सोडायची नाही. शिबिराच्या गर्दीत पडदा नसतो, मग पोलक्यावरूनच हात फिरतो, किंवा "गाठ आहे का?" असं विचारून "नाही" लिहिलं जातं. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, बाईलाही तिचा पत्ता नसतो.

खरी गळती गाठ सापडल्यानंतर होते. चिठ्ठी घेऊन बाई तालुक्याला जाते, तिथून जिल्ह्याला. दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि ती थांबते. कुठे निदानाआधीच गाठ कापून काढतात, मग पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. कुठे सुईने काढलेला तुकडा सलाईनमध्ये पाठवतात आणि तो वाटेतच खराब होतो. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, त्याच्या दहापट द्रवात बुडायला हवा आणि नाव बाटलीवर हवं, झाकणावर नव्हे, झाकणं बदलतात.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस सुईच्या बायोप्सीसाठी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढण्यासाठी, ठरवून द्या. जाण्यायेण्याचं भाडं तिथेच हातात द्या. आणि मासिक अहवालात "किती तपासल्या" या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घाला: गाठ सापडलेल्यांपैकी किती जणींचा बायोप्सी अहवाल ३० दिवसांत हाती आला.

आपले,
स्तनकर्करोग तपासणीत काम करणारे